भांडण नाही, तंटा नाही, तरी मैत्रीण दुरावते तेव्हा

सोलापुरात गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेचे, दिवस होते. अक्षता सोहळा होऊन गेला होता, होम मैदानावर पाळणे लागले होते आणि माझी मुलगी मैत्रिणीच्या फोनची वाट बघत होती. पाचवीपासून दोघी गड्ड्याला बरोबरच जायच्या. पाळण्यात बसायचं, भेळ खायची, बांगड्या घ्यायच्या आणि परतताना एकीचे पैसे संपलेले असायचे म्हणून रिक्षाचे दुसरीनं द्यायचे, हा ठरलेला क्रम. त्या वर्षी मैत्रीण लातूरहून सुट्टीला आली होती. अकरावीला तिकडं जाऊन तिला सहा-सात महिने झाले होते. फोन काही आला नाही. रात्री नऊच्या सुमाराला मुलीनं तिचं स्टेटस उघडलं, तर ती आकाशपाळण्याखाली उभी, सोबत आणखी तिघीजणी. त्यातल्या दोघींना आम्ही कधी बघितलंही नव्हतं.

मुलगी रडली नाही. फोन उशीखाली सरकवला आणि मला म्हणाली, "आई, मी काय केलं गं?"

मी वीस वर्षं नववी-दहावीला शिकवते आहे. हा प्रश्न मी वर्गातही पुष्कळदा ऐकलाय, फक्त तो सरळ असा विचारला जात नाही. "बाई, माझी जागा बदलून द्या" असा येतो, पोट दुखतंय म्हणून मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहण्यातून येतो, सहामाहीच्या उतरलेल्या मार्कांतून येतो. "मी काय केलं?" याचं उत्तर बहुतेक वेळा "काहीच नाही" हेच असतं. पण तेवढ्यानं पोरांचं समाधान होत नाही, आणि व्हावं तरी का? सहा वर्षांची मैत्री सात महिन्यांत पातळ होते, म्हणजे काहीतरी घडलेलं असणारच. ते काय असतं, एवढं का लागतं आणि त्यावर करायचं काय, हे मला जेवढं समजलंय तेवढं सांगते.

तासांचा हिशेब

आपण मैत्रिणी का झालो, असं कुठल्याही मुलीला विचारा. "आमचं जमतं" असं ती सांगेल. पण पहिल्या दिवशी ते जमलं कसं? बाईंनी उंचीप्रमाणे बसवलं, दोघी एका बाकावर आल्या. किंवा रिक्षावाल्या काकांच्या रिक्षात दोघी मागच्या बाजूला, पाय बाहेर काढून. माणसं एकमेकांच्या वाटेत सारखी येत राहिली की त्यांची मैत्री होते, ही गोष्ट अभ्यासकांनी फार पूर्वी मोजून बघितली आहे. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या तिघांनी अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या वसाहतीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि तो १९५० साली प्रसिद्ध झाला. कोणाची मैत्री कोणाशी, हे स्वभावापेक्षा दारं किती जवळ यावर जास्त ठरलेलं दिसलं. जिन्याशेजारी राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावरही ओळखी होत्या, कारण येणारे-जाणारे त्यांच्या दारावरून जात.

मग मैत्री घट्ट व्हायला किती वेळ लागतो? कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली याचा अंदाज मांडला. तोंडओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास, खरी मैत्री म्हणता येईल अशी व्हायला ९० आणि जिवाभावाची व्हायला २०० तासांहून जास्त. त्यातली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नुसतं एकत्र काम करण्याचे किंवा वर्गात शेजारी बसून राहण्याचे तास फारसे उपयोगी पडत नाहीत. बिनकामाचे, गप्पांचे, टिवल्याबावल्यांचे तास उपयोगी पडतात.

आता आपल्याकडचा हिशेब मांडू. शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरवायला सांगितलं आहे. मधली सुट्टी आणि रिक्षातला वेळ धरून दिवसाचा एक तास पकडला, तरी वर्षाला २२० तास झाले. म्हणजे एका वर्षातच जिवाभावाची मैत्री व्हावी एवढा सहवास शाळा देते. त्यासाठी कोणी फोन करावा लागत नाही, वेळ काढावा लागत नाही, घरी विचारावं लागत नाही. कडक भाकरीचा तुकडा मोडून शेंगाचटणीच्या डबीत बुडवला की सुरू.

दहावीचा शेवटचा पेपर झाला की हे सगळं एका दिवसात थांबतं. समजा, दोघी अगदी नेमानं दर रविवारी वीस मिनिटं फोनवर बोलल्या. वर्षाचे किती तास झाले? सतरा. कुठं २२० आणि कुठं सतरा. आणि हे नेमानं बोलणाऱ्यांचं झालं.

हा हिशेब मी मुलीला वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवला होता. ती बराच वेळ त्या आकड्यांकडं बघत बसली. मला वाटलं, आकड्यांनी तिला बरं वाटेल. तसं लगेच काही वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "म्हणजे तिचंही सतराच तास झालेत की." एवढं तिच्या ध्यानात आलं, आणि खरं तर तेवढंच यायला हवं होतं. ती ज्या पोकळीत उभी होती त्याच पोकळीत दुसरीही उभी होती.

यात आणखी एक गोष्ट आहे. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांचं म्हणणं असं की, माणसाच्या मनात माणसांसाठी जागा मोजकीच असते. अगदी आतल्या वर्तुळात पाचेक जण, त्याबाहेर पंधरा, मग पन्नास, मग दीडशे. आकडे थोडे पुढंमागं होतील, पण मुद्दा पटण्यासारखा आहे. लातूरच्या वसतिगृहात एकाच खोलीत राहणाऱ्या दोन मुली महिन्याभरात आतल्या पाचांत येऊन बसतात, कारण त्यांचा सहवास रात्रंदिवस आहे. त्या आल्या की आधीचं कोणीतरी थोडं बाहेर सरकतं. जुन्या वाड्यातल्यासारखं, माजघरातलं माणूस ओसरीवर आलं. घराबाहेर काढलेलं नसतं त्याला. ओसरीवर बसलेल्याला मात्र घराबाहेर काढल्यासारखंच वाटतं, आणि ते वाटणंही खरं असतं.

२०१५ साली अमेरिकेत शाळकरी मुलांच्या मैत्रीवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सातवीतल्या मैत्रीच्या जोड्या दरवर्षी तपासत बारावीपर्यंत नेल्या, तर शंभरातली एखादीच टिकलेली दिसली. तिकडची मुलं, तिकडच्या शाळा, त्यामुळं आकडा जसाच्या तसा आपल्याला लागू करू नये. पण कोणत्या जोड्या लवकर सुटल्या, हे बघा: ज्यांच्यात फरक होता त्या. एक अभ्यासात पुढं, दुसरा मागं. एक सगळ्यांचा लाडका, दुसरा एकलकोंडा. शाळेत असेपर्यंत हे फरक असूनही दिसत नाहीत. दहावीनंतर तेच फरक दोघांना दोन वेगळ्या गाड्यांत बसवतात.

सोलापुरात हे फरक कसे दिसतात

आपल्या शाळांत एका बाकावर तेलुगू घरातलं मूल, कन्नड घरातलं मूल आणि मराठी घरातलं मूल बसलेलं असतं आणि तिघंही मधल्या सुट्टीत एकच सोलापुरी बोलतात. मला या गोष्टीचं फार कौतुक आहे. पण दहावीचा निकाल लागला की वाटा फुटतात. कोणी नीटसाठी लातूरला, कोणी डिप्लोमाला, कोणी पुण्याला, कोणी इथंच कॉमर्सला. कोणी वडिलांच्या मागावर, कोणी दुकानात. आणि आजही एखादीचं लग्न ठरतं.

माझा एक विद्यार्थी होता, पूर्व भागातला. त्याच्या वडिलांचे चार माग. दहावीपर्यंत त्याची आणि विजापूर रोडकडून येणाऱ्या एका मुलाची जोडी म्हणजे शाळेत एक नाव घेतलं की दुसरं आपोआप यायचं. पुढं एकजण सायन्सला गेला, क्लास लावला. हा कॉमर्सला, आणि संध्याकाळी घरच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायला. वर्षभरानं तो मला अशोक चौकात भेटला, दुचाकीवर पुढं-मागं टॉवेलचे गठ्ठे बांधलेले. मित्राचं विचारलं तर आधी "बरंय की" म्हणाला. मग गाडीची किल्ली बोटात फिरवत म्हणाला, "बाई, ते लोकं कॅफेत भेटत्यात. एक कॉफी दीडशेला. दोनदा गेलो, नंतर काम हाय म्हणून सांगितलं."

पुढच्याच महिन्यात योगायोगानं दुसराही भेटला. त्याच्या बोलण्यात राग होता. "तो आता येतच नाही बाई. बोलावलं की काम आहे म्हणतो. भाव खातोय."

दोघंही खोटं बोलत नव्हते. एकानं पैशाची लाज झाकली, दुसऱ्याला ती लाज दिसली नाही, त्याला फक्त नकार दिसला. माझ्या पाहण्यातल्या निम्म्याहून जास्त दुराव्यांच्या मुळाशी असलीच एखादी न बोललेली लाज निघाली आहे. पैशाची असेल, मार्कांची असेल, इंग्रजीची असेल, घरातल्या कटकटीची असेल. म्हणून "तो मला टाळतोय" असं वाटलं की आधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: तो मला टाळतोय, की जिथं मी बोलावतोय ती जागा टाळतोय? मी त्या दुसऱ्या मुलाला एवढंच सुचवलं की पुढच्या वेळी कंबर तलावावर बोलाव, नाहीतर सिद्धेश्वराच्या देवळात तळ्याकाठी बस. तिथं बसायला पैसे लागत नाहीत.

हे मला एवढं ठामपणे सांगता येतं, कारण मी स्वतः यात चुकले आहे. आमच्या वेळी फोन घरोघरी नव्हते. माझी शाळेतली मैत्रीण दहावीला एका विषयात राहिली, मी पास होऊन कॉलेजला गेले. तिचं कुटुंब पुढं गुलबर्ग्याला गेलं. मी तिला आंतरदेशीय पत्रं पाठवायचे, निळ्या कागदावर अगदी कडेपर्यंत बारीक अक्षरांत: कॉलेज असं आहे, प्रॅक्टिकलला असं झालं, गॅदरिंगला मी नाटकात होते. तीन पत्रांना उत्तर आलं नाही. चौथं मी लिहिलंच नाही, गर्व झालाय तिला असं ठरवून टाकलं. बऱ्याच वर्षांनी एका लग्नात ती भेटली. हातात हात घेऊन म्हणाली, "तुझं पत्र आलं की मला माझा निकाल परत लागल्यासारखं वाटायचं गं." मी कित्येक वर्षं तिच्यावर रागावून होते, आणि ती कित्येक वर्षं माझी पत्रं जपून ठेवून होती.

एवढं का दुखतं

मोठी माणसं म्हणतात, "एवढं काय त्यात? दुसरी मिळेल मैत्रीण." हे वाक्य कृपा करून मुलांसमोर बोलू नका.

२००३ साली नाओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लीबरमन आणि किपलिंग विल्यम्स यांनी एक साधा प्रयोग केला. माणसाला मेंदूची छबी टिपणाऱ्या यंत्रात ठेवलं आणि पडद्यावर चेंडू झेलण्याचा खेळ दिला. आपल्यासोबत आणखी दोघं खेळतायत असं त्याला सांगितलेलं. प्रत्यक्षात ते दोघं म्हणजे संगणकच. सुरुवातीला चेंडू त्याच्याकडं यायचा, नंतर ते दोघं आपापसातच खेळू लागले. बस, एवढंच. तरी त्याच्या मेंदूत जो भाग जास्त जागा झाला, तो शरीराला दुखापत झाल्यावर जी तळमळ होते तिच्याशीही जोडलेला आहे. दोन्ही दुखणी तंतोतंत एकच आहेत असा याचा अर्थ नव्हे. पण अनोळखी, आभासी माणसांनी चेंडू टाकला नाही म्हणून मेंदू एवढा कळवळत असेल, तर सहा वर्षांच्या मैत्रिणीनं गड्ड्याला बोलावलं नाही यानं काय होत असेल? त्यात वय पंधरा-सोळा. आईबापापेक्षा मित्रमैत्रिणींच्या नजरेत आपण कसे आहोत, यावर या वयात मनाची सगळी मदार असते.

अशा दुराव्याचं आणखी एक अवघडपण आहे. भांडण झालं असतं तर निदान रागवता आलं असतं. इथं नातं संपलं म्हणावं तर वाढदिवसाला तिचा मेसेज येतो. आहे म्हणावं तर भेट नाही. पॉलिन बॉस नावाच्या अमेरिकी अभ्यासक बाईंनी बेपत्ता सैनिकांच्या घरच्यांसोबत काम करताना अशा दुःखाला एक नाव दिलं होतं, त्याचा अर्थ आपल्या भाषेत धूसर वियोग असा लावता येईल. माणूस गेलं की आहे, हेच ठरत नाही, म्हणून दुःखही धड करता येत नाही. बेपत्ता माणसाच्या घरच्यांचं दुःख केवढं, त्याच्याशी मी शाळेतल्या मैत्रीची बरोबरी करत नाहीये. पण घडण तीच आहे. सुतक नाही, निरोपसमारंभ नाही, कोणी विचारपूस करायला येत नाही. म्हणून पहिलं काम एवढंच की, याला दुःख म्हणायचं. "मला तिची फार आठवण येते" हे वाक्य आईजवळ, बहिणीजवळ, नाहीतर वहीत, पण एकदा मोठ्यानं म्हणायचं. वहीचं काम खरंच होतं. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनात सलणाऱ्या गोष्टीबद्दल लिहायला लावलं. पुढच्या काही महिन्यांत त्या मुलांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. शुद्धलेखन बघायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही. मैत्रिणीला लिहिलेलं, पण न पाठवायचं पत्र असलं तरी चालतं.

फोन काय सांगतो आणि काय सांगत नाही

निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही. रात्री साडेअकराला ऑनलाइन होती, उत्तर नाही. मुलं यावरून अख्खी कहाणी रचतात, आणि त्या कहाणीत दोष नेहमी स्वतःचा तरी असतो, नाहीतर तिचा. वसतिगृहात फोन ठराविक वेळीच हातात मिळतो, त्यात आधी घरच्यांचा फोन असतो, मेसेज वाचला तेव्हा मागं कोणीतरी उभं असतं, नंतर उत्तर द्यायचं राहून जातं, आणि चार दिवसांनी द्यायची लाज वाटते. या साध्या शक्यता त्या कहाणीत येतच नाहीत. आपण स्वतः किती जणांचे मेसेज वाचून तसेच ठेवलेत, हे एकदा मोजून बघावं.

स्टेटस बघून जीव जळत असेल तर काही दिवस तिचं स्टेटस दिसणं बंद करा. ब्लॉक मात्र करू नका. बंद केलेलं तिला कळत नाही आणि आपल्याला श्वास घ्यायला जागा मिळते. ब्लॉक केलेलं आज ना उद्या कळतंच, आणि तोवर न झालेलं भांडण त्या दिवशी होऊन जातं.

मग करायचं काय

आधी एक खात्री करून घ्या. आपोआप पातळ होत गेलेली मैत्री वेगळी आणि ठरवून वाळीत टाकणं वेगळं. ग्रुपमधून काढून टाकणं, नावं ठेवणं, गुपितं पसरवणं, फोटोवर चिडवणं हे चाललं असेल तर तो दुरावा नव्हे, तो छळ आहे. तिथं जुळवून घेण्याचे सल्ले लागू नाहीत. वर्गशिक्षकांना आणि घरी सांगायचं, लगेच.

नुसता दुरावा असेल, तर आपण होऊन एक मेसेज करावा. मुलं अडतात ती इथंच, "मीच का?" म्हणून. २०२२ साली पेगी लिउ आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं की, बऱ्याच दिवसांत न बोललेल्या माणसाची आपण चौकशी केली तर त्याला किती बरं वाटेल, याचा अंदाज आपण नेहमी कमी बांधतो. अनपेक्षित असेल तर जास्तच बरं वाटतं.

मेसेज कसा असावा, यावर मी आणि मुलगी बराच वेळ बसलो. तिनं आधी लिहिलं होतं, "तू खूप बदललीस. मला वाटलं नव्हतं तू अशी वागशील." हे खोडलं. अशा वाक्याला एक तर माफी मागावी लागते, नाहीतर भांडावं लागतं. तिसरं काही उत्तर देताच येत नाही. मग लिहिलं, "कशी आहेस? विसरलीस ना मला?" यातही टोमणा होताच. शेवटी मी म्हटलं, अशात कधी तिची आठवण आली होती, तेवढंच लिही. तर तिनं लिहिलं, "आज केमिस्ट्रीचे सर सेम आपल्या नववीच्या बाईंसारखं 'हं, पुढं' म्हणले. मी एकटीच हसले अख्ख्या वर्गात. तू असतीस तर दोघींना बाहेर काढलं असतं." पाठवला. या मेसेजला काय उत्तर द्यावं, असा प्रश्नच पडत नाही, आणि नाही दिलं तरी कोणाचा अपमान होत नाही.

उत्तर नाही आलं तर? महिन्या-दोन महिन्यांच्या अंतरानं दोन-तीनदा असा हात पुढं करावा, असं मला वाटतं. त्यानंतर थांबावं. रोज विचारत राहिलं की समोरच्याला मैत्री वसुलीसारखी वाटू लागते. थांबताना दार लोटून घ्यायचं, कडी लावायची नाही. आणि एखादी छोटी, ठरलेली वेळ ठेवता आली तर फारच चांगलं: निकालाच्या दिवशी फोन, दिवाळीत एक दुपार, गड्ड्याला एक संध्याकाळ. "कधीतरी भेटू" ही भेट कधीच होत नाही. "सतरा तारखेला पाच वाजता पार्क चौकात" ही होते.

तिनं विश्वासानं सांगितलेलं सगळं तुमच्यापाशी आहे. तिच्या घरातलं, तिला आवडणाऱ्या मुलाचं, तिनं रडून सांगितलेलं. मैत्री राहो न राहो, ते बाहेर काढायचं नाही. रागाच्या भरात नवीन मैत्रिणींत बसून ते बोललं जातं आणि त्या बोलण्यानं जे तुटतं ते पुन्हा जोडलेलं मी पाहिलेलं नाही.

नव्या वर्गात जीव रमत नाही, ही तक्रार अकरावीच्या प्रत्येक मुलाची असते. "इथं कोणीच तिच्यासारखं नाही." कसं असेल? वर तासांचा हिशेब केला तोच इथं लावा. नव्या बाकावरच्या मुलीबरोबर आत्ता कुठं वीस-तीस तास झालेत, तेही वर्गातले. दोनशे तासांच्या मैत्रिणीशी वीस तासांच्या मुलीची तुलना केली तर ती बिचारी नेहमीच कमी पडणार. तिच्याबरोबर चहाला जा, बसस्टॉपपर्यंत चाला, एनसीसी, एनएसएस, नाटक, खेळ, जे काही कॉलेजात असेल त्यात नाव द्या. दिवाळीपर्यंत कोणी जवळचं वाटलं नाही म्हणून आपल्यातच खोट आहे, असं मानू नका.

आणि तुम्ही दूर गेलेल्या बाजूचे असाल तर? नवी माणसं मिळाली, अभ्यासाचा भार आहे, जुन्या मैत्रिणीशी बोलायला विषयच सुचत नाही. यात अपराध काही नाही. पण एक वाक्य तिला देणं लागता: "परीक्षा होईपर्यंत माझं बोलणं होणार नाही, तुझ्यावर राग नाही." हे लिहायला अर्धं मिनिट लागतं. ते नाही मिळालं म्हणून मुली सहा-सहा महिने उशीत तोंड खुपसून "मी काय केलं" विचारत बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

पालकांसाठी थोडंसं. त्या मैत्रिणीला नावं ठेवू नका. उद्या दोघी परत बोलू लागल्या की तुमचीच मुलगी तुमच्यापासून गोष्टी लपवू लागेल. तिच्या आईला परस्पर फोन करू नका, मला हा मोह फार झाला होता. जेवण कमी झालं, झोप उडाली, शाळा-कॉलेजला जायलाच नको म्हणते, आवडीच्या गोष्टीतही मन नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर मात्र समुपदेशक किंवा डॉक्टरांकडं जायला लाजू नका. जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं काही बोलली तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोन सेवा २०२२ पासून आहे, १४४१६ या क्रमांकावर, चोवीस तास आणि फुकट, मराठीतही बोलता येतं. अठराच्या आतल्या मुलांना १०९८ या क्रमांकावरही मदत मागता येते.

त्या मेसेजला चौथ्या दिवशी, रविवारी, उत्तर आलं. "अगं बाई!! मेले हसून." मग पाठोपाठ, "गड्ड्याला तुझ्या फोनची वाट बघितली. तू नवीन ग्रुपबरोबर जाणार असशील वाटलं. मावशीच्या पोरी आल्या होत्या, त्यांच्याबरोबर गेले मग." मुलीनं ते मला वाचून दाखवलं. एका गावात, दोन किलोमीटरवर बसून, दोघी एकमेकींच्या फोनची वाट बघत होत्या.

परत जायच्या दिवशी मैत्रीण दहा मिनिटं स्टँडवर भेटली. मुलीनं तिच्या पिशवीत शेंगाचटणीचा पुडा टाकला, वसतिगृहातलं जेवण तिला जात नाही म्हणून. दोघी फार काही बोलल्या नाहीत, मी पाहत होते. गाडी हलल्यावर मुलगी म्हणाली, "पहिल्यासारखं नाही वाटलं गं." मी म्हटलं, "नाही ना." बाकी काही म्हटलं नाही.

आता दोघी कधी महिन्यानं, कधी दीड महिन्यानं बोलतात. मागच्या आठवड्यात मुलीबरोबर कॉलेजची एक मुलगी घरी आली होती, अक्कलकोट रोडला राहणारी. दोघी गच्चीवर दोन तास बसल्या. खाली आल्या तेव्हा चहा गार झाला होता, मी परत गरम करून दिला.